फणेरपेटी ते पर्स : रोजच्या प्रसाधनाच्या सबबी

आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात एक आरसा आहे. तो भिंतीवर टांगलेला नाही; लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला आहे. पहिल्या तासाला जाण्यापूर्वी मराठी विभागातल्या आम्ही तिघी आळीपाळीने ते दार उघडतो, पाच मिनिटांत काय करायचे ते करतो आणि दार लावून टाकतो. तिघींचीही चाळिशी उलटली आहे. पर्समधून निघणाऱ्या वस्तूही जवळपास सारख्याच : सनस्क्रीनची ट्यूब, काजळाची पेन्सिल, ओठांच्या रंगाशी मिळतीजुळती लिपस्टिक, टिकल्यांचे पाकीट आणि एक छोटा कंगवा.

मध्यंतरी एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने हे पाहिले आणि सहज विचारले, "मॅडम, तुम्ही रोज हे सगळे का लावता?" आम्ही तिघींनी तत्परतेने उत्तरे दिली. सनस्क्रीन त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले म्हणून. लिपस्टिक ओठ फुटतात म्हणून. काजळ डोळ्यांना थंड असते म्हणून. टिकली लहानपणापासूनची सवय म्हणून. 'आवडते म्हणून' असे एकीनेही म्हटले नाही. विद्यार्थिनी हसली आणि निघून गेली. तिच्या मागे आम्ही मात्र बराच वेळ आपापल्या उत्तरांचा विचार करीत बसलो. हा लेख त्या विचारातून झाला आहे.

प्रसाधनाचा इतिहास बहुधा वस्तूंच्या क्रमाने सांगितला जातो : उटणे, काजळ, अत्तर, स्नो, पावडर, लिपस्टिक. आम्हांला येथे वस्तूंबरोबर त्यांच्या सबबींचाही मागोवा घ्यायचा आहे. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या बाईला आरशासमोर रोज थोडा वेळ घालवायचा तर कोणते कारण द्यावे लागे, ते कारण काळानुसार कसे बदलत गेले आणि ज्यांच्यापाशी कोणतेच मान्य कारण नव्हते त्यांचे काय झाले, हे आमचे प्रश्न आहेत. रोजचे प्रसाधन झटपट आटपावे ही अपेक्षा नोकरीच्या धावपळीतून आली, असे आपण सहसा समजतो. आमच्या मते ती त्याहून बरीच जुनी आहे.

आरंभ भाषेपासून करू. 'नटणे' हे क्रियापद 'नट' या शब्दाच्या कुळातले आहे. सजणारी व्यक्ती सोंग घेते आहे, हा संशय शब्दातच मुरलेला आहे. 'नटवी', 'नट्टापट्टा', 'नटणेमुरडणे' हे शब्द कौतुकाने क्वचितच उच्चारले जातात. उलट 'नीटनेटकी', 'टापटिपीची' ही विशेषणे प्रशंसेची आहेत. दोन्ही प्रकारच्या स्त्रिया आरशासमोर उभ्या राहतातच. पहिलीने तेथे घालवलेला वेळ इतरांना दिसतो, दुसरीचा दिसत नाही. 'साजशृंगार' हा भारदस्त शब्द आपण वधूसाठी आणि देवीसाठी राखून ठेवला. कोल्हापूरच्या अंबाबाईची अलंकारपूजा बांधली जाते तेव्हा तिला किती वेळ लागला असे कोणी विचारीत नाही. आणि 'प्रसाधन' या संस्कृत शब्दाची गत काय झाली, हे कोणत्याही बसस्थानकावरची 'प्रसाधनगृह' ही पाटी सांगते.

जुन्या ग्रंथांत सावकाश प्रसाधनाचे वर्णन भरपूर आहे, पण तेथे वेळ कोणाचा आणि हात कोणाचे हे पाहिले पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातील जुन्या मराठीच्या नमुन्यांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांची तपशीलवार मांडणी आहे आणि स्नान, विलेपन, तांबूल, वस्त्र, माला, अलंकार यांना तीत स्वतंत्र स्थान आहे. राजाला सबब द्यावी लागत नाही. त्याच्या अंगाला उटी लावणारे हात दुसऱ्यांचे असतात. महाभारतात अज्ञातवासातील द्रौपदी विराटाच्या अंतःपुरात सैरंध्री होते. केशरचना करणे, उट्या वाटणे आणि माळा गुंफणे ही कामे आपल्याला येतात, असे ती सुदेष्णेला सांगते. राणीच्या निवांत प्रसाधनामागे सैरंध्रीची मजुरी असते. जिच्या घरी सैरंध्री नाही, त्या बाईला स्वयंपाक, पाणी, मुले आणि देव यांच्या मधल्या फटीत स्वतःचे उरकावे लागते. झटपट प्रसाधनाचा खरा आरंभ येथे शोधावा लागेल.

त्या फटीतले साधन म्हणजे फणेरपेटी. आमच्या आज्यांकडे ती होती. लहानशी लाकडी पेटी, झाकणाच्या आत आरसा, पोटात फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि काजळाची डबी. पद्धत ठरलेली. बोटाने कपाळावर मेणाचा ठिपका लावायचा, त्यावर कुंकू दाबायचे आणि कडा पुसून गोल नीट करायचा. मेणामुळे कुंकू चुलीपुढच्या घामातही दिवसभर टिके. कुंकू घडते तेही हळदीतून. क्षाराशी संयोग झाला की हळदीचा पिवळा रंग लाल होतो. संस्कृतात 'कुंकुम' म्हणजे मूळचे केशर. त्या महाग वस्तूचे नाव हळदीच्या या लाल भुकटीला मिळाले आणि ती घरोघरी पोहोचली. काजळही घरचेच. दिव्याच्या ज्योतीवर भांडे उपडे धरून काजळी जमवायची आणि ती तुपात कालवायची. हे सारे दोन-चार मिनिटांचे काम होते आणि त्याला सौभाग्याची मान्यता होती.

मात्र या मान्यतेला दुसरी बाजू होती. जी सबब असते तीच सक्तीही होते. 'कुंकू लावले नाहीस?' हा प्रश्न मुलीला आणि सुनेला कोणीही विचारू शकत असे. कुंकू तिच्या कपाळावर असले तरी भाषेने ते नवऱ्याच्या मालकीचे ठरवले. 'कुंकवाचा धनी' हा शब्दप्रयोग त्याची साक्ष आहे. तो धनी गेला की फणेरपेटी बंद झाली. आरसा, फणी, कुंकू, काजळ ही सारी एकाच दिवशी निषिद्ध झाली. केशवपन आणि आलवण यांविषयी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ लिहिले गेले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिताना, जे नियम विधवेला तेच विधुराला का नाहीत, हा प्रश्न रोखठोकपणे विचारला. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. बाया कर्वे या नावाने त्या पुढे ओळखल्या गेल्या आणि 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मकथन आपण विद्यार्थ्यांना वाचायला सांगतो. हे सर्व आपण समाजसुधारणेच्या प्रकरणात शिकवतो. प्रसाधनाच्या इतिहासात त्याला जागा देत नाही. परंतु सकाळी आरशासमोर उभे राहण्याचा अधिकार एका वर्गाकडून संपूर्णपणे काढून घेतला गेला होता, हे प्रसाधनाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वास्तव आहे.

आणि हा अधिकार केवळ वैधव्याने ठरत नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची आखूड पद्धत, गळ्यातील व हातांतील जड दागिन्यांची गर्दी ही अस्पृश्यतेची खूण बनली आहे. ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर तेथील स्त्रियांनी लुगडी पायघोळ नेसली, ही हकीकत चळवळीच्या इतिहासात नोंदलेली आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ सालचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको. आमच्या सबबींच्या चौकटीत हा प्रसंग बसत नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो. येथे कोणी धर्माचे, आरोग्याचे कारण पुढे केले नाही. आपण कसे दिसावे हे आपण ठरवू, असा तो सरळ दावा होता.

मध्यमवर्गीय घरांत मात्र सबबींचाच मार्ग चालू राहिला. फक्त त्यांत नव्या सबबींची भर पडली. एक आली स्वदेशीची. म्हैसूर संस्थानात १९१६ साली सरकारी साबण कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली होती, त्या चंदनतेलाचा उपयोग तेथे झाला. मुंबईत गोदरेज यांनी प्राणिजन्य चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून साबण काढला, तेव्हा सोवळ्यालाही तो चालला. आता सुगंधी साबण वापरणे हे देशकार्य म्हणून सांगता येऊ लागले. मुंबईतच इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला आणि 'स्नो-पावडर' हा जोडशब्द मराठीत रूढ होण्याच्या काळात तो अनेक घरांतल्या फडताळावर जाऊन बसला.

या 'स्नो'च्या स्वरूपाकडे थोडे लक्ष द्यायला हवे. कोल्ड क्रीममध्ये तेल आणि मेण यांचे प्रमाण अधिक, त्यामुळे ते लावल्यावर चेहरा तेलकट चमकतो. स्नो हा व्हॅनिशिंग क्रीमचा प्रकार. स्टिअरिक आम्लाचा काही भाग अल्कलीने साबणरूप करून त्यात पाणी आणि ग्लिसरीन मिसळले की पांढरे, हिमासारखे मलम तयार होते. ते चोळले की दिसेनासे होते, आणि वर पावडर नीट बसते. 'व्हॅनिशिंग' या नावाचा अर्थच मुळी दिसेनासे होणारे असा आहे. लावलेले कोणाच्या लक्षात येऊ नये अशी सोय असलेले प्रसाधन आपल्याकडे इतके का रुजले, याचे एक कारण उष्ण हवा हे आहेच. दुसरे कारण आमच्या कपाटातल्या आरशाशी संबंधित असावे, असे आम्हांला वाटते.

याच काळात रंगभूमी आणि चित्रपट यांनी पेच आणखी वाढवला. बालगंधर्वांची नेसण, केशरचना, अंबाड्यावरचा गजरा यांचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. नटीप्रमाणे नटणे लाजिरवाणे मानणाऱ्या समाजात नटाप्रमाणे नटणे अभिरुचीचे ठरले. रंग लावणारी व्यक्ती पुरुष असल्यामुळे तिच्या चारित्र्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. पुढे चित्रपटांत सुशिक्षित स्त्रिया आल्या. लीला चिटणीस या पदवीधर होत्या आणि त्यांच्या या पदवीचा प्रसिद्धीसाठी आवर्जून उपयोग केला गेला. १९४१ साली त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. साबणाच्या सबबीत आता शिक्षणाची भर पडली. दरम्यान १९३७ साली व्ही. शांताराम यांनी नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर चित्रपट काढला. हिंदीत त्याचे नाव 'दुनिया न माने' असे होते. मराठीत मात्र 'कुंकू'. विजोड विवाह नाकारणाऱ्या तरुण मुलीची कथा सांगायला मराठीत या एका शब्दाहून अधिक काही लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे ही कंपनी काढली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होऊ नये, अशी पंडित नेहरूंची इच्छा त्यामागे होती असे सांगितले जाते. म्हणजे लिपस्टिकलाही राष्ट्रीय अर्थकारणाची सबब मिळाली. नावही पाहण्यासारखे आहे. लेओ देलिब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ सालच्या ऑपेराचे हे नाव. त्याची नायिका एका ब्राह्मण पुरोहिताची मुलगी. लक्ष्मी हे नाव पॅरिसला जाऊन लॅक्मे झाले आणि त्या रूपात परत आले. स्वदेशी वस्तूला परदेशी वाटणारे नाव, आणि त्या नावाच्या पोटात पुन्हा देवी, अशी ही रचना आहे.

आमच्या स्वतःच्या बालपणातली सबब हळदीची. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विको लॅबोरेटरीज सुरू केली आणि १९७५ च्या सुमारास हळदीचे व्हॅनिशिंग क्रीम पिवळ्या ट्यूबमधून घरोघरी पोहोचले. ज्या घरांत स्नोला बंदी होती त्या घरांतही हे चालले, कारण हळद ही स्वयंपाकघरातली, देव्हाऱ्यातली आणि बाळंतिणीच्या खोलीतलीही. आपण सौंदर्यप्रसाधन नाही, असेच त्याची जाहिरात सांगत असे. १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला होता आणि कायद्याच्या नावातही तो शब्द आला होता. अबकारी कराचे दर मात्र औषधाला वेगळे आणि प्रसाधनाला वेगळे होते. त्यामुळे हे क्रीम नेमके काय, हा वाद अबकारी खाते आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल आयुर्वेदिक औषधाच्या बाजूने लागला. करविषयक खटला म्हणून त्याचे महत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्यांना असेल. आम्हांला त्यात आपल्या समाजाचा जुना प्रश्न ऐकू येतो : हे तू बरे होण्यासाठी लावतेस की बरे दिसण्यासाठी?

त्याच १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आले. त्याची सबब भवितव्याची होती. आधी लग्नाच्या, पुढे नोकरीच्या. काळ्या-सावळ्या मुलीला नोकरी नाकारली जाते आणि क्रीम लावून ती यशस्वी होते, अशा आशयाच्या जाहिरातींवर महिला संघटनांनी आक्षेप घेतले. २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. स्नो, हळद आणि गोरेपणा या तीन ट्यूबा आम्ही एकाच घरात, एकाच आरशापुढे पाहिल्या आहेत. त्यांतली तिसरी इतर दोघींसारखी निरुपद्रवी नव्हती, हे आम्हांला फार उशिरा उमगले. सबब आरशासमोर उभे राहायला मदत करते, तशी आरशात काय दिसले पाहिजे हेही ठरवून टाकते.

मे १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी महिलांची खास लोकल सुरू झाली. आमच्यापैकी एकीने अशा डब्यांत कित्येक वर्षे प्रवास केला आहे. भाजी निवडणे, पोथी वाचणे आणि डुलकी घेणे यांच्या बरोबरीने तेथे प्रसाधनही चालते. दोन स्थानकांच्या मधल्या स्थिर टप्प्यात काजळ, गाडी थांबल्यावर लिपस्टिक, उतरण्यापूर्वी केसांवर कंगवा, असा त्याचा अनुभवसिद्ध क्रम असतो. शेजारची अनोळखी बाई आरसा धरते. पुरुषांची नजर नाही, सासरची नाही, कोणी 'किती वेळ?' असे विचारीत नाही. घाई तेथेही असते, पण चोरटेपणा नसतो. गर्दीने भरलेला तो डबा त्या अर्थाने आमच्या प्राध्यापक-कक्षापेक्षा मोकळा आहे.

या लेखाचा शेवट आम्हांला भूतकाळात करता येत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला : पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा १४० वर्षे झाली होती. ठराव झाल्यावर प्रत्येक कपाळ बदलते असे नाही, हे आपण जाणतो. तरीही त्या दिवशी एका गावाने लेखी मान्य केले की बाईच्या कपाळावर काय असावे, याचा निर्णय दुसऱ्याच्या मरणावर सोपवता येत नाही. टिकली लावणे आणि न लावणे या दोन्हींचे स्वातंत्र्य याच मान्यतेतून येते.

आत्मचरित्रे शिकवताना आपण जन्म, विवाह, शिक्षण, संघर्ष अशा पायऱ्यांनी जातो. यापुढे त्यांत आरसा कोठे येतो, कोणाच्या देखत येतो आणि बाई आरशासमोर असण्याचे कारण काय सांगते, हेही पाहावे, असे आम्ही सुचवू इच्छितो. 'स्मृतिचित्रे'पासून आजच्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांपर्यंत हा धागा विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल.

त्या विद्यार्थिनीने प्रश्न पुन्हा विचारला तर काय सांगायचे, यावर आमच्यात एकमत झालेले नाही. एकीच्या मते सनस्क्रीनचे कारण खरेच वैद्यकीय आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. दुसरीला आता टिकली लावावी की नाही, असा नवा प्रश्न पडला आहे. तिसरीने सांगून टाकले की लिपस्टिक तिला आवडते, ओठ तिचे कधीच फुटत नाहीत. आरसा भिंतीवर लावण्याविषयी कार्यालयाला अर्ज करावा, असे ठरले आहे. अर्जात कारण काय लिहायचे यावर गाडी अडली आहे.